भावाबहिणींत बोलणं चालू आहे तोवरच वाटणी उरका: जमीन, घर आणि नातं तिन्ही शाबूत ठेवायची पद्धत

घरात सगळ्यांचं एकमेकांशी चांगलं असावं हे सगळेच म्हणतात, पण त्याचा रोकडा फायदा काय ते बघायचं असेल तर वडिलांच्या माघारी सातबारा हातात घेऊन बघा. आपल्याकडचा जमीनजुमल्याचा कायदा असा आहे की सगळी भावंडं एका टेबलाला बसून सही करायला तयार असतील तर काम काही महिन्यांत आणि थोडक्या पैशात होतं, आणि त्यातल्या एकानेही तोंड फिरवलं की तेच काम दिवाणी कोर्टात जातं आणि मग नातवंडं तारखांना जातात. जमीन तीच, माणसं तीच, फरक फक्त बोलणं चालू आहे की बंद आहे एवढाच. म्हणून माझं सरळ सांगणं आहे की वाटणी ही भांडण झाल्यावर करायची गोष्टच नाही, ती गोडी आहे तेव्हाच करायची, आणि कशी करायची ते खाली क्रमाने लिहितोय. हे मुख्यतः हिंदू वारसा कायदा लागू असणाऱ्या घरांसाठी आहे, मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत, पण बोलण्याबसण्याचा भाग सगळ्यांना सारखाच.

आधी कागद गोळा करा, बोलणी नंतर

बहुतेक घरांत पहिलं भांडण हक्कावरून होत नाही, अर्धवट माहितीवरून होतं. एकाला वाटतं गट ४ एकरचा आहे, दुसऱ्याला वाटतं साडेतीनचा, तिसऱ्याला तर तो गट आपला आहे हेच माहीत नसतं. म्हणून कोणीतरी एकाने सगळे सातबारे, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), जुने फेरफार (मालकी कशी बदलली त्याच्या नोंदी), घराचा नमुना ८ किंवा प्रॉपर्टी कार्ड, वडिलांची पासबुकं, विम्याची कागदं, गावच्या शेती सोसायटीचं कर्ज असेल तर त्याचा उतारा असं सगळं काढायचं आणि त्याच्या झेरॉक्स प्रत्येक भावंडाला द्यायच्या. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. झेरॉक्स बहिणींनाही द्यायच्या, हे मुद्दाम लिहितोय कारण तिथेच चूक होते.

सातबारा बघताना एक गोष्ट नीट बघा. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे "ए. कु. मॅ." किंवा "ए. कु. पु." लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा पुढारी. आजोबा वारले तेव्हा थोरल्या मुलाचं नाव असं लावून टाकायची पद्धत होती, बाकीचे भाऊ लहान होते किंवा मुंबईला गिरणीत होते. आता दोन पिढ्यांनंतर थोरल्याच्या मुलांना खरंच वाटतं की जमीन आपल्या बापाची, आणि धाकट्यांच्या मुलांना वाटतं की चुलत्याने लाटली, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. असा शेरा दिसला तर जुना फेरफार काढा, त्यात मूळ हकीकत लिहिलेली असते. तो कागद सगळ्यांच्या समोर मोठ्याने वाचला की निम्मा संशय तिथेच मिटतो.

वारस नोंद, आणि त्यात सगळ्यांची नावं

वाटणीच्या आधीची पायरी म्हणजे वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार वगैरे घेऊन तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करायचा. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने ही खबर ३ महिन्यांत द्यायची असते. मग वारस रजिस्टरला नोंद होते, फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली की ती तक्रारी नोंद होते आणि सुनावण्या सुरू. वर्षानुवर्षं मयतांच्या नावावर राहिलेल्या जमिनी इतक्या झाल्या होत्या की २०२५ मध्ये सरकारला "जिवंत सातबारा" नावाची मोहीमच काढावी लागली.

यात बहिणींची नावं आणि आईचं नाव वगळायचं नाही. "तिचं लग्न झालंय, ती काय करणार नाव लावून" हे वाक्य अजून ऐकायला मिळतं आणि ते कायद्याने चूक आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, लग्न झालेलं असो नसो. आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ लाच एक दुरुस्ती झाली होती, पण ती त्या तारखेला अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा घोळ बरीच वर्षं होता, तो ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने मिटवला: वडील तेव्हा हयात असायलाच पाहिजेत असं नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही.

वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीचा हिशोब तर अगदी सोपा आहे. मृत्युपत्र नसेल तर आई, सगळे मुलगे, सगळ्या मुली यांना सारखा वाटा, आणि वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. दोन भाऊ, दोन बहिणी आणि आई असेल तर पाच सारखे हिस्से. एखादा भाऊ वडिलांच्या आधीच गेला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या बायकोमुलांना. वडिलोपार्जित मिळकतीत आकडे वेगळे निघतात, तिथे वकिलाला एकदा तासभर भेटून हिश्श्यांचा तक्ता करून घ्या, सगळ्यांनी मिळून एकच वकील गाठा म्हणजे तक्ता एकच राहील.

प्रतिज्ञापत्रात बहीण लपवली तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, ती नोंद पुढे कधीही आव्हानात जाऊ शकते, आणि बहिणीला हे जेव्हा तिऱ्हाइताकडून कळतं तेव्हा जे तुटतं ते नंतर कुठल्याही फेरफाराने जोडता येत नाही.

बसायचं कधी, कुठे आणि कोणी

दहाव्या-तेराव्याला हा विषय काढू नका. पाहुणे जमलेले असतात, सगळे एकत्र असतात म्हणून सोयीचं वाटतं, पण त्या दिवसांत माणूस दुःखात असतो आणि तेव्हा बोललेला शब्द विसरत नाही. लग्नकार्यात नको, वॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच नको, तिथे एकाचा मेसेज दुसऱ्याने कोणत्या आवाजात वाचला कोणाला कळत नाही. वर्षश्राद्धाच्या आसपास किंवा दिवाळीनंतर दोन दिवस सगळ्यांनी गावच्या घरी यायचं असं आधी महिनाभर ठरवा आणि कशासाठी यायचंय हे स्पष्ट सांगून बोलवा.

पहिल्या बैठकीत फक्त आई आणि भावंडं. वहिनी, दाजी, जावई, मुलं यांना डावलायचं म्हणून नाही, तर भावंडांना आपापसांत जुनं काढून बोलता यावं म्हणून. दुसऱ्या बैठकीला सगळे पाहिजेतच, कारण वहिनीने त्या शेतात वीस वर्षं भांगलण केलेली असते आणि तिचं ऐकून न घेता झालेली वाटणी घरात टिकत नाही. मला विचाराल तर बोलायला सुरुवात धाकट्याकडून करावी. थोरला आधी बोलला की धाकटे मान राखून गप्प बसतात आणि मनातलं मनात राहतं, ते मग चार वर्षांनी बांधावर निघतं.

ज्याने मागे राहून सगळं सांभाळलं त्याचं आधी बोला

ही पायरी कुठल्याही फॉर्ममध्ये नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. जवळपास प्रत्येक घरात एक जण गावाला राहिलेला असतो. बाकीचे पुण्या-मुंबईला गेले, नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले. मागे राहिलेल्याने वडिलांची दवाखान्याची धावपळ केली, रात्रीच्या लाईटला पाणी दिलं, दुष्काळात जनावरं जगवली, सोसायटीचं कर्ज अंगावर घेतलं. त्याच्या मनात असतं की हे सगळं माझं आहे. आणि शहरातल्याच्या मनात असतं की मी दर महिन्याला पैसे पाठवले, विहिरीला मी दिले, बहिणीच्या लग्नाला मी दिले, आणि इतकी वर्षं पीक मात्र यानेच खाल्लं. दोघांचंही खरं असतं, आणि दोघंही ते तोंडाने बोलत नाहीत, बांध दोन फूट इकडे की तिकडे यावर भांडतात.

तर एक वही घ्या आणि प्रत्येकाने काय दिलं ते लिहून काढा, पैसा पण आणि कष्ट पण. रुपयापैशाचा ताळेबंद जुळवायला नाही, ते कधीच जुळणार नाही. लिहिल्यामुळे एवढंच होतं की दुसऱ्याने काय केलं ते प्रत्येकाला समोर दिसतं आणि ते मान्य आहे असं सगळ्यांसमोर म्हणता येतं. "दादा, तू होतास म्हणून आप्पांचं शेवटचं सगळं नीट झालं" हे वाक्य धाकट्याने एकदा म्हटलं तर थोरला अर्धा एकर सोडायला तयार झालेला असतो, आणि ते न म्हटल्यामुळे अर्ध्या गुंठ्यावर अडून बसलेली माणसं आहेत. मग वाटे पाडायच्या आधीच मागे राहिलेल्यासाठी काहीतरी बाजूला काढा: गावचं राहतं घर, किंवा विहिरीजवळचा तुकडा, किंवा कर्जाचा भार बाकीच्यांनी उचलणं. हे सगळ्यांच्या संमतीने आणि कागदावर. उरलेल्याची मग समान वाटणी.

बहिणीला विचारायचं, सही मागायची नाही

बहिणीकडे हक्कसोड पत्र घेऊन जाणं आणि बहिणीला तिची इच्छा विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाऊबीजेला ओवाळून झालं की कागद पुढे करणारे भाऊ आहेत, कृपा करून तसं करू नका. तिने नाही म्हणायचं म्हटलं तर माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि त्या सहीचा सल घेऊन परत जाते. आईने किंवा मावशीने तिला एकटीला विचारावं, वाटा हवाय का, जमीन हवी की पैसे हवेत, की काहीच नको, आणि विचार करायला वेळ द्यावा. वाटा हवा म्हणाली तर तो तिचाच आहे, त्यात नाराज होण्यासारखं काही नाही. दाजींचं आजारपण, मुलांची शिक्षणं, तिच्याही घरी अडचणी असतात ज्या ती माहेरी सांगत नाही.

आणि खरंच मनापासून नको म्हणाली तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करूनच करायचं, साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. रक्ताच्या नात्यात मोबदल्याशिवाय वडिलोपार्जित हक्क सोडला तर मुद्रांक काही शे रुपयांचाच लागतो, लाखात नाही. मधल्या काळात रकमा बदलल्यात म्हणून चालू आकडा निबंधक कार्यालयात विचारून घ्या. हक्क कोणाच्या नावे सोडतेय, एका भावाच्या की सगळ्यांच्या, हे नीट वाचून दाखवा, तिच्या वतीने तिच्या ओळखीच्या वकिलाने वाचलं तर अजून उत्तम. एकदा नोंदणी झालं की ते सहजी मागे घेता येत नाही. कोणी परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येतं, ते इथे आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. वारसांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं असतील तर त्यांचा हिस्सा असा परस्पर सोडून घेऊ नका, तिथे कोर्टाच्या परवानगीचा प्रश्न येतो.

आईचं मात्र मी स्पष्ट सांगतो, आईचा हिस्सा आईच्या नावावरच राहू द्या. सगळं मुलांच्या नावे करून मग आईला महिना वाटून घेणारी घरं आपण बघतोच. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत परत मिळवता येते, पण आईला तिथवर जायला लागू नये. तिच्या नावावर जमीन असली की तिचा शब्द घरात राहतो.

आता प्रत्यक्ष वाटे

शेतजमिनीसाठी सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत सातबारे, आठ-अ, नकाशा, कोणाला कोणता तुकडा ते दाखवणारा तक्ता, आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या. नोटीस निघते, सगळ्यांचे जबाब होतात, आदेश निघतो, त्यावरून फेरफार. लोक "१०० रुपयांच्या स्टॅम्पवरची वाटणी" म्हणतात ती हीच. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, आधी ती मूल्याच्या १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार होती. म्हणजे एकमत असेल तर सरकार सुद्धा तुमच्याकडून फारसं काही घेत नाही.

वाटे पाडताना क्षेत्र सारखं म्हणजे वाटणी सारखी असं नसतं. रोडटच एकर आणि ओढ्यापलीकडचा एकर एक नाही, काळी आणि मुरमाड एक नाही. जुनी रीत चांगली आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा, म्हणजे पाडणारा आपोआप सारखे पाडतो. ते जमत नसेल तर वाटे ठरवून चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठी घरातल्या लहान पोराला उचलू द्या. तुकडे फार बारीक करू नका, तुकडेबंदीच्या कायद्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, २०२३ पासून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. एवढ्यापेक्षा कमी येत असेल तर एकाने जमीन घ्यावी आणि दुसऱ्याला पैसे द्यावेत.

आणि हे तीन मुद्दे वाटणीच्या कागदात नसतील तर त्या कागदावर सही करू नका: रस्ता, विहीर, मोटरचं कनेक्शन. मागच्या तुकड्याला बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता कुठून, किती फुटांचा, हे फुटांत लिहा. विहिरीत किंवा बोअरमध्ये कोणाचा किती हिस्सा आणि पाण्याच्या पाळ्या कशा, उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर पाळ्या कशा बदलणार, मोटर जळाली तर खर्च कोणाचा, लाईटबिल कोणाच्या नावाचं. भावाभावांच्या ज्या केसेस तहसीलला पडून आहेत त्यात रस्ता अडवल्याच्या कितीतरी असतात, आणि वाटणीच्या दिवशी एक ओळ लिहिली असती तर त्या झाल्याच नसत्या. नंतर भूमी अभिलेखकडून पोटहिश्श्याची मोजणी करून खुणा घालून घ्या, मोजणीला सगळ्यांनी हजर राहा, खुणेचे दगड सगळ्यांसमोर रोवा.

मागच्या पिढीत तोंडी वाटण्या होऊन एकाच्या नावची जमीन दुसरा कसतोय आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, असं असेल तर त्यासाठी २०२३ पासून "सलोखा योजना" आहे. ताबा किमान १२ वर्षांचा असला की अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक १ हजार आणि नोंदणी फी १ हजार, बास.

बँक आणि नॉमिनी

इथे थोडक्यात. बँकेच्या खात्यात नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्यावर हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. वडिलांनी सोय म्हणून एका मुलाचं नाव लावलेलं असतं, त्याने ते आपलंच धरून चालायचं नाही आणि बाकीच्यांनी त्याला चोर ठरवायचं नाही, पैसे आले की वहीत लिहा आणि वाटा. नॉमिनी नसेल तर बँक सगळ्या वारसांची ना-हरकत मागते, एक सही अडली की पैसे अडतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला ४ पर्यंत नॉमिनी लावता येतात, आईवडील हयात असतील तर आत्ताच लावून घ्या.

आणि हयात आहेत तर त्यांना मृत्युपत्र करायला सांगा, अपशकुन वगैरे काही नसतो. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. वडिलांनी सगळ्या मुलांना बसवून "मी असं लिहिलंय आणि यासाठी लिहिलंय" हे स्वतः सांगितलं तर त्या कागदाला पुढे सहसा कोणी हात लावत नाही.

एकोपा असेल तर पुढे कुठे कुठे उपयोग होतो

महामार्गात, धरणात, एमआयडीसीत जमीन गेली की मोबदल्याच्या वेळी हे सगळ्यात जास्त कळतं. वारसांत एकमत असेल तर पैसे खात्यावर येतात, हिश्श्यावरून वाद असेल तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि तिथे पडून राहते. पीककर्ज, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, ठिबकचं अनुदान, प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा स्वच्छ उतारा लागतो. आणि वेगळ्या झालेल्या भावांनी पुन्हा एकत्र येऊन एकच ट्रॅक्टर घेतला, एकाच पाईपलाईनने दोघांनी पाणी आणलं अशी कितीतरी घरं आहेत, कागद वेगळे झाल्यामुळे संशय संपला म्हणूनच त्यांना ते जमलं. एकाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी काढणारा शेजारच्या दारातला भाऊच असतो, अबोला असेल तर तीच गाडी दारात उभी राहते.

बोलणं आधीच बंद झालं असेल तर

तरी कोर्ट ही पहिली पायरी करू नका. दोघांनाही मान्य असलेला एक माणूस शोधा, मामा, आत्याचे यजमान, शाळेतले जुने सर, कोणीही, पण ज्याला या जमिनीत काही मिळणार नाही असा. त्याने दोघांना वेगवेगळं भेटून वहीचं काम आधी करावं आणि मगच समोरासमोर बसवावं. गावात तंटामुक्त समिती चांगली चालत असेल तर तिथे जा, २००७ पासूनची ती मोहीम काही गावांत अजून नीट काम करते, काही गावांत फक्त बोर्ड उरलाय, तुमच्या गावाचं तुम्हाला माहीत.

दावा दाखल झाला असला तरी तडजोड कधीही करता येते. केस लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथे मिटलं तर तो हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बहिणींनी आणि आयांनी हे लक्षात ठेवावं. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि तालुक्याच्या कोर्टात समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज दिला तरी घेतात.